द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०, सोलापूर – ९ डिसेंबर १९४२, हपै प्रांत, चीन) हे मराठी शल्यचिकित्सक होते. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकाचे ते सदस्य होते. पथकातील इतर चौघे कालांतराने भारतात परतले. कोटणीस मात्र उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धभूमीवर राहिले, तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निधन पावले. चीनमध्ये ते 'के दी-ह्वा' या नावाने ओळखले जातात.

कोटणीसांचे नाव महाराष्ट्रात प्रामुख्याने व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे आणि भारत-चीन मैत्रीचे प्रतीक म्हणून परिचित आहे. त्यांच्या कार्याचा मूळ गाभा मात्र शस्त्रक्रिया व वैद्यकीय अध्यापन हा होता. मुंबईच्या नागरी रुग्णालयात घेतलेले शिक्षण साधनांची टंचाई असलेल्या रणभूमीवर उपयोगात आणणे आणि ते स्थानिक तरुणांपर्यंत पोहोचविणे हे काम त्यांनी जवळजवळ चार वर्षे केले.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

द्वारकानाथ यांचा जन्म सोलापूर येथील एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात झाला. त्यांना दोन भाऊ व पाच बहिणी होत्या. त्यांच्या तारुण्याचा काळ सोलापूरच्या सार्वजनिक जीवनातील मोठ्या खळबळीचा होता. मे १९३० मध्ये या शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना फाशी देण्यात आले.

वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांनी मुंबईतील परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. हे महाविद्यालय व त्यास जोडलेले राजे एडवर्ड स्मृती रुग्णालय, म्हणजेच के. ई. एम. रुग्णालय, १९२६ मध्ये सुरू झाले होते. महाविद्यालयातील अध्यापकवर्ग भारतीयच असावा, अशी अट देणगीदारांनी घातली होती. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरिष्ठ पदे त्या काळी बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. त्या पार्श्वभूमीवर ही अट महत्त्वाची होती. भारतीय डॉक्टर हे अध्यापन व शल्यचिकित्सा यांची संपूर्ण जबाबदारी सांभाळू शकतात, हे दाखविणे हा या संस्थेचा एक हेतू होता. डॉ. जीवराज मेहता हे संस्थेचे पहिले अधिष्ठाता होते. कोटणीस १९३६ मध्ये येथून पदवीधर झाले आणि पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करीत होते.

नागरी व लष्करी वैद्यक : तत्कालीन व्यवस्था

कोटणीसांच्या निर्णयाचे वेगळेपण समजण्यासाठी ब्रिटिश भारतातील वैद्यकीय सेवेची रचना लक्षात घ्यावी लागते. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही मुळात लष्करी सेवा होती. तिच्यातील अनेक अधिकारी शांततेच्या काळात नागरी प्रशासनाकडे वर्ग केले जात आणि युद्ध सुरू होताच त्यांना लष्करात परत बोलावता येई. त्यामुळे जिल्ह्याचा 'सिव्हिल सर्जन' हा अनेकदा कॅप्टन, मेजर किंवा कर्नल असा लष्करी हुद्दा धारण करणारा अधिकारी असे. अमरावती, अकोला यांसारख्या जिल्ह्यांच्या ठिकाणी 'सिव्हिल सर्जन' व 'सिव्हिल हॉस्पिटल' हे शब्द आजही लोकांच्या तोंडी आहेत. जिल्हा शल्यचिकित्सक हे पदनामही त्याच परंपरेतून आले आहे. लष्करी सेवेतून वेगळेपणा दाखविण्यासाठी या नावात 'सिव्हिल' हा शब्द आला.

भारतीय डॉक्टरांना या सेवेची दारे १८५५ पासून स्पर्धा परीक्षेद्वारे उघडी झाली होती. तथापि रणभूमीवर काम करावयाचे तर ते सहसा साम्राज्याच्या सैन्यातच असे. १९३८ च्या पथकाने हा मार्ग सोडला. हे डॉक्टर कोणत्याही सरकारच्या हुकमाने गेले नव्हते. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीवर, स्वेच्छेने, दुसऱ्या देशाच्या युद्धात जखमींवर उपचार करण्यासाठी ते गेले.

चीनवरील आक्रमण व भारतातील प्रतिसाद

७ जुलै १९३७ रोजी बीजिंगजवळील लुगौ पुलापाशी झालेल्या चकमकीनंतर जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. वर्षअखेरपर्यंत शांघाय व नानकिंग ही शहरे जपानच्या ताब्यात गेली. परस्परांचे शत्रू असलेले क्वोमिंतांग व साम्यवादी पक्ष या काळात जपानविरुद्ध एकत्र आले. साम्यवाद्यांच्या सैन्याची 'एट्थ रूट आर्मी' म्हणजेच आठवी मार्गसेना या नावाने राष्ट्रीय सैन्यात पुनर्रचना झाली. या सेनेचे सेनापती चू तेह यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. अमेरिकन पत्रकार ॲग्नेस स्मेडली यांनीही या मागणीचा पाठपुरावा केला.

सुभाषचंद्र बोस हे १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी ३० जून १९३८ रोजी जनतेला मदतीचे आवाहन केले. ७ ते ९ जुलै या दिवसांत देशात ठिकठिकाणी निधी संकलन झाले आणि सुमारे २२,००० रुपये जमले. या निधीतून एक रुग्णवाहिका, औषधे व शस्त्रक्रियेची उपकरणे यांची व्यवस्था करण्यात आली.

भारतीय वैद्यकीय पथक

पथकात पुढील पाच डॉक्टर होते :

डॉ. मदनमोहनलाल अटल, अलाहाबाद (पथकप्रमुख)
डॉ. एम. आर. चोळकर, नागपूर (उपप्रमुख)
डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूर
डॉ. बिजयकुमार बसू, कलकत्ता
डॉ. देवेश मुखर्जी, कलकत्ता

यांपैकी अटल यांना स्पेनमधील यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा केल्याचा अनुभव होता. चोळकर वयाने सर्वांत ज्येष्ठ होते. चोळकर व कोटणीस हे पथकातील दोघे मराठी सदस्य होत.

चोळकरांच्या रूपाने या पथकात विदर्भाचाही सहभाग होता. त्या काळी नागपूर, अमरावती, अकोला हे जिल्हे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात मोडत. संपूर्ण प्रांतात वैद्यकीय पदवी देणारे महाविद्यालय नव्हते. नागपूरच्या रॉबर्टसन वैद्यकीय विद्यालयात परवानाधारक डॉक्टरांचा अभ्यासक्रम शिकविला जाई आणि पदवीसाठी विद्यार्थ्यांना मुंबई किंवा कलकत्त्यासारख्या शहरांचा रस्ता धरावा लागे. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये स्थापन झाले. डॉक्टरांची एवढी चणचण असलेल्या देशाने आपले पाच डॉक्टर परदेशी पाठवावेत, ही गोष्ट त्या काळातील जनमताची कल्पना देते.

चीनकडे प्रयाण

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने पथक मुंबईहून निघाले आणि १७ सप्टेंबर रोजी कँटन येथे पोहोचले. तेथे सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे पथक हँकाऊ येथे गेले. मात्र युद्धाची गती भारतातून दिसत होती त्यापेक्षा कितीतरी अधिक होती. पथक चीनमध्ये उतरल्यापासून सहा आठवड्यांच्या आत कँटन व हँकाऊ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. माघार घेणाऱ्या चिनी सैन्यासोबत यांगत्सी नदीच्या मार्गाने ईचांग व तेथून हंगामी राजधानी चुंगकिंग असा त्यांचा प्रवास झाला.

चुंगकिंगच्या मुक्कामात शांतिनिकेतनच्या चीना भवनाचे प्रमुख प्रा. तान युन-शान यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'ह्वा' हे अक्षर होते. चिनी भाषेत ते चीन देशाचे वाचक आहे. कोटणीसांचे 'के दी-ह्वा' हे नाव तेव्हापासून रूढ झाले. याच मुक्कामात कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली. घरी परतण्याची मुभा असतानाही त्यांनी पथकाबरोबर पुढे जाण्याचा निर्णय घेतला.

येनान येथील कार्य

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक शेन्शी प्रांतातील येनान येथे पोहोचले. हे साम्यवादी चळवळीचे मुख्य केंद्र होते. माओ त्से-तुंग यांनी पथकाची भेट घेतली आणि २४ मे १९३९ रोजी नेहरूंना पत्र पाठवून भारतीय जनतेचे आभार मानले. या प्रदेशातील पिवळट मातीच्या टेकड्या पोखरून केलेल्या गुहांमध्ये घरे, शाळा व रुग्णालये चालत. बाँबवर्षावापासून गुहांचे संरक्षण मिळे. त्यांतील रुग्णालयांत वीज, वाहते पाणी व क्षकिरण यंत्र यांसारख्या सोयी मात्र गृहीत धरता येत नसत.

कोटणीसांनी येनानजवळच्या लष्करी रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून काम सुरू केले आणि त्याबरोबर चिनी भाषेचा अभ्यास केला. ही भाषा त्यांना पुढे एवढी अवगत झाली, की ते दुभाष्याशिवाय रुग्णांशी बोलत व वर्गात शिकवीत. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्ये भारतात परतले.

आघाडीवरील शल्यचिकित्सा

नोव्हेंबर १९३९ मध्ये अटल, कोटणीस व बसू हे तिघे येनानहून पूर्वेकडील आघाडीकडे निघाले. शान्शी, चाहार व हपै या प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ प्रदेशात, जपानी फौजांच्या पिछाडीस, आठव्या मार्गसेनेचा तळ होता. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून हे या भागात काम करीत होते. परंतु भारतीय डॉक्टर वाटेत असतानाच, १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, बेथ्यून यांचे निधन झाले. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. अटल प्रकृतीच्या कारणास्तव १९४० च्या सुरुवातीस परतले, तर बसू काही काळानंतर येनानच्या रुग्णालयात रुजू झाले. कोटणीस आघाडीवरच राहिले.

या युद्धातील शल्यचिकित्सेचे स्वरूप मुंबईच्या शस्त्रक्रियागृहातील कामाहून अगदी भिन्न होते. नागरी रुग्णालयात रुग्ण डॉक्टरकडे येतो, त्याची तपासणी होते आणि शस्त्रक्रियेची वेळ ठरविता येते. रणभूमीवर गोळी वा तोफगोळ्याच्या तुकड्याने झालेल्या जखमेत माती, कपड्यांचे धागे व मृत स्नायू असतात. जसजसे तास उलटतात तसतसा धनुर्वात, वायुकोथ व जंतुरक्तता यांचा धोका वाढतो. पेनिसिलिन तेव्हा वापरात आलेले नव्हते आणि सल्फा गटातील औषधे नाकेबंदीमुळे दुर्मीळ होती. अशा वेळी जखमीचा जीव पुढील बाबींवर अवलंबून असे :

वेळ : जखम झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतचा अवधी शक्य तितका कमी असणे.
जखमेची शुद्धी : निर्जीव झालेला भाग कापून काढणे व बाहेरील पदार्थ दूर करणे.
जखम उघडी ठेवणे : ती लगेच शिवून बंद न करता काही दिवसांनी, जंतुसंसर्ग नसल्याची खात्री पटल्यावर शिवणे.
स्थिरीकरण : मोडलेल्या हाडास फळ्या किंवा प्लास्टरने आधार देणे. यामुळे वेदना व आघात कमी होतात आणि जखमीस हलविणे शक्य होते.
रक्ताधान : रक्तस्रावाने खचलेल्या जखमीस दात्याचे रक्त देणे.

ही तत्त्वे पहिल्या महायुद्धात व स्पेनच्या यादवी युद्धात सिद्ध झाली होती. बेथ्यून यांनी स्पेनमध्ये फिरत्या रक्ताधानाची व्यवस्था उभी केली होती. चीनमध्ये त्यांनी शस्त्रक्रियेचे संपूर्ण साहित्य खेचराच्या पाठीवर वाहून नेता येईल अशा खोगिराची रचना केली आणि तिला लुगौ पुलाचे नाव दिले. जखमीने डॉक्टरकडे येण्याची वाट न पाहता डॉक्टरने जखमीकडे जावे, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. कोटणीसांनी ही पद्धत स्वीकारली व पुढे चालविली. लढाईच्या ठिकाणाजवळच्या खेड्यात, एखाद्या घरात किंवा मंदिरात शस्त्रक्रियेचे टेबल मांडले जाई आणि शत्रू जवळ आल्याची वार्ता येताच सर्व साहित्य व जखमी यांसह मुक्काम हलविला जाई.

१९४० च्या उत्तरार्धात आठव्या मार्गसेनेने 'शंभर पलटणींची मोहीम' या नावाने प्रसिद्ध असलेला मोठा हल्ला केला. या काळातील एका लढाईत कोटणीस यांच्या पथकाकडे तेरा दिवसांत ८०० हून अधिक जखमी आले आणि कोटणीसांनी सलग ७२ तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या, असे चिनी वृत्तांतांत नमूद आहे. जखमी सैनिक त्यांना आपुलकीने 'सावळी आई' या अर्थाच्या चिनी नावाने संबोधीत.

बेथ्यून रुग्णालयाचे संचालकपद व अध्यापन

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांची बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून नियुक्ती झाली. या रुग्णालयास बेथ्यून यांच्याच नावाचे वैद्यकीय विद्यालय जोडलेले होते. रुग्णालय म्हणजे एकच इमारत नव्हती. निरनिराळ्या खेड्यांतील घरांमध्ये रुग्णांची सोय केलेली असे आणि सैनिकांप्रमाणे परिसरातील शेतकरी कुटुंबांनाही तेथे उपचार मिळत. १९४१ व १९४२ या वर्षांत जपानी सैन्याने या प्रदेशात वारंवार झडतीच्या मोहिमा काढल्या आणि नाकेबंदी कडक केली. त्यामुळे रुग्णालयाचे अनेकदा स्थलांतर करावे लागले.

त्यांच्या कार्यातील अध्यापनाचा भाग शस्त्रक्रियांइतकाच महत्त्वाचा होता. आठव्या मार्गसेनेकडे पदवीधर डॉक्टर अत्यल्प होते. एक शल्यचिकित्सक दिवसाचे चोवीस तास राबला तरी त्याच्या हातून होणाऱ्या शस्त्रक्रियांना मर्यादा असते. त्याने शिकविलेले विद्यार्थी मात्र अनेक तुकड्यांत पोहोचतात. बहुतेक विद्यार्थी खेड्यांतून आलेले तरुण होते आणि त्यांना अल्पावधीत शरीररचना, जंतुविरहित पद्धती, शुद्धिहरण व शस्त्रक्रियेची मूलतत्त्वे शिकवावी लागत. कोटणीस हे विषय चिनी भाषेत शिकवीत. विद्यार्थ्यांसाठी शल्यचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकाचे लेखनही त्यांनी हाती घेतले होते. ते काम मृत्यूच्या वेळी अपुरे राहिले.

वैयक्तिक जीवन

जून १९४० मध्ये बेथ्यून यांच्या समाधीच्या अनावरणप्रसंगी कोटणीस यांची को छिंगलान यांच्याशी ओळख झाली. त्या बेथ्यून विद्यालयात परिचर्या विषयाच्या अध्यापिका होत्या. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पुत्र झाला. त्या विभागाचे सेनापती न्ये रोंगझन यांच्या सूचनेवरून त्याचे नाव 'यिन-ह्वा' असे ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत व 'ह्वा' म्हणजे चीन. ७ जुलै १९४२ रोजी, युद्धाच्या पाचव्या स्मृतिदिनी, कोटणीस यांनी चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले.

आजार व मृत्यू

अतिश्रम, अपुरा आहार व सततचे स्थलांतर यांचा परिणाम कोटणीसांच्या प्रकृतीवर होत गेला. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी हा प्रदेश सोडून अन्यत्र जाण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला, तथापि त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातील तांग परगण्यातील गगोंग या खेड्यात अपस्माराच्या तीव्र झटक्यांनंतर त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

माओ त्से-तुंग यांनी शोकसंदेशात सैन्याने एक साहाय्यक व राष्ट्राने एक मित्र गमावल्याची भावना व्यक्त केली. सुंग छिंगलिंग यांनीही, कोटणीसांचे मोल वर्तमानापेक्षा भविष्यकाळास अधिक कळेल, अशा आशयाची श्रद्धांजली वाहिली. भारतात 'छोडो भारत' चळवळीमुळे नेहरूंसह काँग्रेसचे प्रमुख नेते त्या वेळी तुरुंगात होते. ज्यांच्या आवाहनावरून पथक निघाले ते सुभाषचंद्र बोस देशाबाहेर होते आणि पुढे भारताच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी जपानचे साहाय्य घेतले. पथक पाठविणाऱ्या भारताचे राजकारण चारच वर्षांत असे पालटले होते. डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढे त्यांनी चिनी सूचिचिकित्सेचा, म्हणजे ॲक्युपंक्चरचा, भारतात प्रसार केला.

कोटणीस यांचा मुलगा यिन-ह्वा यानेही वैद्यकीय शिक्षण घेतले. मात्र शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आत, त्याचा मृत्यू झाला. को छिंगलान यांनी पुढील आयुष्यात अनेकदा भारतास भेट दिली व कोटणीस कुटुंबाशी संबंध राखले. त्यांचे निधन २८ जून २०१२ रोजी चीनमधील दालियान येथे झाले.

साहित्य व चित्रपट

पत्रकार व लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी पथकाच्या कार्यावर 'अँड वन डिड नॉट कम बॅक' हे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यावर आधारित 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा हिंदी चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये प्रदर्शित केला. अब्बास व व्ही. पी. साठे यांची पटकथा आणि वसंत देसाई यांचे संगीत असलेल्या या चित्रपटात कोटणीस यांची भूमिका स्वतः शांताराम यांनी व छिंगलान यांची भूमिका जयश्री यांनी केली. परदेशांतील प्रेक्षकांसाठी त्याची इंग्रजी आवृत्तीही काढण्यात आली.

चित्रपटात प्लेगच्या साथीवर मिळविलेला विजय व जपानी सैनिकांच्या तावडीतून सुटका या प्रसंगांना प्राधान्य आहे. त्यामुळे कोटणीस प्लेगवर उपाय शोधताना मृत्यू पावले, असा समज काही ठिकाणी आढळतो. वस्तुतः त्यांचा मृत्यू अपस्माराने झाला आणि त्यांचे मुख्य कार्य युद्धातील जखमींवरील शस्त्रक्रिया, रुग्णालयाचे संचालन व अध्यापन हे होते.

मूल्यमापन

कोटणीस यांची कारकीर्द पदवीनंतर अवघी सहा वर्षांची होती आणि त्यांपैकी चारपेक्षा अधिक वर्षे चीनमध्ये गेली. नवी शस्त्रक्रिया किंवा नवे औषध त्यांच्या नावावर नाही. शल्यचिकित्सेच्या इतिहासातील त्यांचे स्थान वेगळ्या कारणासाठी आहे. सुसज्ज रुग्णालयात शिकलेली प्रमाणित पद्धती साधनांच्या अभावातही न सोडता वापरणे, ती परक्या भाषेत शिकविणे आणि आपल्यामागे काम चालू राहील अशी माणसे तयार करणे, या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या.

नागरी व लष्करी वैद्यक यांतील सीमारेषाही त्यांच्या कार्यात पुसट होते. ते सेनेतील शल्यचिकित्सक होते, पण त्यांच्या रुग्णालयात शेतकऱ्यांसही उपचार मिळत. ते मुंबईच्या नागरी रुग्णालयातून आले होते आणि लष्करी शिस्तीची पूर्वतयारी त्यांना नव्हती. पथकातील सर्वच सदस्यांनी मर्यादित मुदतीच्या सेवेची तयारी दर्शविली होती. चौघे परतले ते आपापले काम करून वा आजारपणामुळे. त्यामुळे एकट्या कोटणीसांचा गौरव करताना अटल, चोळकर, बसू व मुखर्जी यांचे योगदान विसरले जाऊ नये.

भारत व चीन यांचे संबंध १९६२ च्या युद्धानंतर दुरावले, तरीही दोन्ही देशांत कोटणीस यांच्याविषयीचा आदर टिकून राहिला. दोन्ही देशांच्या नेत्यांच्या भाषणांत त्यांचा उल्लेख मैत्रीचे प्रतीक म्हणून होतो. त्यांनी तयार केलेले विद्यार्थी व उभे केलेले रुग्णालय हा त्यांच्या कार्याचा अधिक प्रत्यक्ष वारसा होय.

सन्मान व स्मारके

हपै प्रांतातील शिजियाझ्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीस व बेथ्यून यांच्या समाध्या आहेत. दरवर्षी छिंगमिंग या पूर्वजस्मरणाच्या सणाला तेथे लोक पुष्पांजली वाहतात.
बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय आज शिजियाझ्वांग येथे कार्यरत आहे.
शिजियाझ्वांग येथे कोटणीस यांच्या नावाचे वैद्यकीय विद्यालय आहे.
चीनने १९८२ मध्ये त्यांच्या चाळिसाव्या स्मृतिदिनाच्या निमित्ताने टपाल तिकिटे काढली.
भारतीय टपाल खात्याने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रकाशित केले.
२००९ मध्ये चीनमध्ये घेण्यात आलेल्या जनमत चाचणीत गेल्या शतकातील चीनच्या दहा प्रमुख परदेशी मित्रांमध्ये कोटणीस यांची निवड झाली.
चीनचे पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष व इतर नेते भारतभेटीत कोटणीस यांच्या कुटुंबीयांची भेट घेत आले आहेत. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांनी मुंबईत अशी भेट घेतली.
सोलापूर येथील त्यांच्या जन्मघरी डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्मारक उभारण्यात आले असून २०१२ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.